दुखरा हात आधी

ट्वायला मॅब्रीने शपथेसाठी डावा हात वर केला. "उजवा, प्लीज," लघुलेखिका जोडीन म्हणाली. तिची बोटं यंत्राच्या कळांवर तशीच होती. ट्वायला "हो की" म्हणून हसली, डावा खाली घेतला आणि उजवा उचलला. तो छातीपर्यंत आला आणि पुढे वाटच नसल्यासारखा थांबला. मग तिने कोपर टेबलाच्या काठावर टेकवलं, पंजा उघडा करून वर धरला आणि खरं तेच सांगेन, असं स्वच्छ आवाजात म्हणाली. सगळं मिळून दोन श्वासांचा वेळ. समोरचा वकील फायफर त्या वेळी पेपरमिंटच्या गोळीवरचा कागद सोडवत होता. त्याने काही पाहिलं नाही. लॉर्ना डूडेकच्या शेजारी शुश्रूषागृहाचा व्यवस्थापक कॉल्विन बसला होता. त्याने हात पाहिला आणि लगेच नजर फोनकडे वळवली. लॉर्नाने हातही पाहिला आणि नजरही. मग सगळं पुन्हा नेहमीसारखं दिसू लागलं. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीबाहेर टोलेडोचं फेब्रुवारीतलं राखाडी आभाळ, आणि खाली रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेला मळका बर्फ.

खटला कोर्टात उभा राहण्याआधी वकिलाच्या कचेरीत बसून शपथेवर द्यायची ही जबानी. अशा किती जबान्यांत ती साक्षीदाराच्या बाजूला बसली होती, ते तिने मोजणं केव्हाच सोडलं होतं. म्हातारी माणसं पडतात, भाजतात, पाठीला जखमा होऊन त्या चिघळतात, आणि मग मुलं वकील करतात. शुश्रूषागृहाच्या बाजूने वकील म्हणून लॉर्ना येते. तरुणपणी ती विद्यापीठात शरीरशास्त्र शिकली होती. स्नायू ओढतो कुठून, हाड मोडतं कुठे, कातडी किती वेळ दाब सोसते, हे तिला ठाऊक होतं, आणि फर्मने तिला याच कामाला लावलं. सुरुवातीला तिला वाटायचं, आपल्याला कळतं म्हणून आपण बरोबर माणसाच्या बाजूला असू. नंतर तसं वाटणं थांबलं. अमुक एका दिवशी थांबलं असं नाही, सर्दी जाते तसं गेलं. आता उरला होता तो एक थकवा, जो झोपेने जात नव्हता आणि ज्याची तक्रार कुणाकडे करावी असाही नव्हता. आजचं प्रकरण साधं होतं. नेव्हा रीस नावाची बाई, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, सकाळी पलंगावरून उठवताना पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. तिला उठवायला नेहमी दोघीजणी लागतात, हे तिच्या खोलीत लिहून लावलेलं होतं. तिथली मदतनीस ट्वायला, तिने एकटीने उठवलं. एवढंच.

आदल्या दुपारी ट्वायला तयारीसाठी आली होती. साठीकडे झुकलेली, उंच, रुंद हाडांची बाई. कोट खांद्यांवरून नुसता पांघरलेला होता. लॉर्नाने तिला कॉफी दिली तेव्हा तिने पेला डाव्या हाताने घेतला होता. हे लॉर्नाला आत्ता आठवलं, आणि तेव्हा दिसलं कसं नाही, याचं तिला आश्चर्यही वाटलं नाही. काल ती शिकवत होती. शिकवताना माणूस समोरच्याकडे बघत नाही, स्वतःच्या धड्याकडे बघतो. धडा तिला पाठ होता. प्रश्न पूर्ण ऐकायचा. मग थांबायचं, एक श्वास, म्हणजे मला हरकत घ्यायची असेल तर घेता येईल. मग विचारलं असेल तेवढंच सांगायचं. जास्तीचं द्यायचं नाही. अंदाज करायचा नाही. खरोखर आठवत नसेल तर 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे. समोरचा मुद्दाम गप्प बसेल, ती शांतता भरायला जायचं नाही. "आणि मान हलवून चालत नाही. लघुलेखिकेचं यंत्र मान टिपत नाही. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, मोठ्याने म्हणायचं." ट्वायलाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "वकीलबाई, मी लहानपणापासून चर्चमध्ये गाते. गप्प बसायची तालीम पहिल्यांदाच करतेय." दोघी हसल्या. मग लॉर्नाने खोटे-खोटे प्रश्न विचारून तालीम घेतली, आणि ट्वायला इतक्या लवकर शिकली की लॉर्नाला बरं वाटलं. चांगली साक्षीदार, असं तिने मनात म्हटलं होतं. चांगली म्हणजे थोडकं बोलणारी.

तो श्वास लॉर्नाच्या घरातही शिरला होता. कुणी काही विचारलं की ती थांबायची. नवऱ्याने एकदा, घर सोडून जाण्याच्या बेतात असताना, तुला माझ्याबद्दल काही वाटतं का, असं विचारलं होतं. ती थांबली, प्रश्नाची मांडणी तपासली, आणि 'काही' या शब्दात बरंच येतं असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात त्याने बॅग उचलली. मुलगी ग्रेटा याची थट्टा करायची. "आई, कुणी हरकत घेतलेली नाहीये. बोल आता!" जेवणाच्या टेबलावर सगळे हसायचे. हल्ली ग्रेटा फोनवर तसं म्हणत नाही, नुसती वाट बघते, आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागते. लॉर्नाला ती वाट बघण्याची शांतता ओळखीची होती. तीही भरायची नसते.

"सुप्रभात, मिस मॅब्री," फायफर म्हणत होता. त्याने गोळी गालात ढकलली होती. "काय लॉर्ना, अजून रिटायर झाली नाहीस? मला वाटलं, तू फ्लोरिडात मासे पकडत असशील." "तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार?" ती म्हणाली, आणि जोडीन हसली. हे दर वेळचं होतं. फायफर वाईट माणूस नव्हता. तो साक्षीदारावर ओरडत नसे, उलट घरच्या चौकशा केल्यासारखे प्रश्न विचारत असे, आणि म्हणून लोक त्याला सांगून टाकत. कुठे राहता, किती वर्षं हे काम, कुठे शिकलात. ट्वायला थांबत होती, श्वास घेत होती, तेवढंच सांगत होती. उजवा हात मांडीवर होता, डाव्याने तो मनगटापाशी धरला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती बाई देवळात बसावी तशी शांत बसलेली दिसली असती.

"त्या सकाळी त्या विभागात तुमच्याखेरीज आणखी कुणी होतं?"

"हो."

"मग तिला का नाही बोलावलंत?"

श्वास. "बोलावलं. ती दुसऱ्या खोलीत एकाला जेवण भरवत होती. येते म्हणाली."

"मग वाट का नाही पाहिली?"

ट्वायला थांबली. लॉर्नाने सवयीने, नोंदीपुरतं म्हटलं, "हरकत, प्रश्नाच्या मांडणीला. उत्तर द्या." ट्वायला म्हणाली, "नेव्हाने गादी ओली केली होती. ती रडत होती. ती म्हणायची, मुलांना बसमध्ये असं झालं की मी गाडी बाजूला घ्यायचे, बाकीच्यांना कळायच्या आत. मी वाट नाही पाहिली." फायफरने लिहून घेतलं. कॉल्विनने अगदी हळू मान डोलावली, जणू एखादी चीज बरोबर खणात पडली. "आणि ती पडली तेव्हा तुम्ही काही म्हणालात?" "हो." "काय म्हणालात?" या वेळी ट्वायला श्वास घ्यायला विसरली. "म्हणाले, मी धरलंय तुम्हाला, नेव्हा, मी धरलंय." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "धरलं नव्हतं."

खोलीत शांतता झाली. फायफर ती भरत नव्हता, हे त्याचं काम होतं. लॉर्नानेही भरली नाही. ती टेबलाखाली आपले दोन हात समोर धरून बघत होती. समोर पलंगाच्या कडेला नेव्हा बसली आहे. आपण तिच्यासमोर. तिच्या कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी धरायचं, गुडघे वाकवायचे, उठायचं. आपला उजवा हात तिच्या डावीकडे. आपला डावा धरून राहतो, उजवा सुटतो, तर ती कुठे जाईल? तिच्या डावीकडे. तिच्या डाव्या खुब्यावर. लॉर्नाच्या बोटांनी हवेतला पट्टा सोडला. इतकं सोपं होतं. शाळेतल्या मुलीलाही काढता यावं असं गणित. फायलीत कुठेही खांदा नव्हता, कारण कुणी खांद्याबद्दल विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.

आणि त्याच वेळी तिला वडिलांचा निळा शर्ट आठवला. स्टॅन्ली डूडेक काचकारखान्यात भट्टीवर होते, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. लॉर्ना तेव्हा नुकती वकील झाली होती. घाईघाईने रोज सकाळी जाऊन त्यांना कपडे घालायची. सवयीप्रमाणे आधी चांगला हात बाहीत घालायची आणि मग दुखरा हात मागे ओढायला लागे. ते ओरडायचे नाहीत, पोलिश भाषेत हळू काहीतरी पुटपुटायचे, प्रार्थना की शिवी ते तिला कळत नसे. एके दिवशी शिवण उसवली, शर्ट फाटला, आणि त्या फाटण्याच्या आवाजाने तिचं डोकं चालू झालं. जो हात वळत नाही त्याला आधी जागा द्यायची. जो वळतो तो नंतर आपलं बघून घेईल. काढताना उलट. शरीरशास्त्र शिकलेल्या मुलीला हे कळायला शर्ट फाटावा लागला. त्यानंतर त्यांचं पुटपुटणं थांबलं. त्यांच्या खोलीतला साबणाचा वास, खिडकीवर ओळीने मांडलेल्या सदोष काचेच्या गोळ्या, कारखान्यातून खिशात घालून आणलेल्या. त्यांतून येणारा उजेड भिंतीवर वाकडा पडायचा. हे सगळं इतक्या वर्षांनी इथे, या टेबलापाशी का यावं? ट्वायलाचा डावा हात उजव्या मनगटावरून सरकला आणि पुन्हा तिथेच आला.

"जरा थांबू या का?" लॉर्ना म्हणाली. प्रश्न अधांतरी नव्हता, उत्तर होऊन गेलं होतं, त्यामुळे थांबता येत होतं. फायफर म्हणाला, "मला कॉफी हवीच आहे."

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी कॉल्विनने तिला गाठलं. तो तरुण होता, केस नीट विंचरलेला, बोलताना समोरच्याच्या कोपराला स्पर्श करणारा. "मस्त चाललंय," तो म्हणाला. "बाई चांगल्या मनाच्या आहेत, दिसतंच ते. घाईत नियम मोडला. दुःखद आहे, पण साधं आहे. तेवढा खांद्याचा विषय निघाला नाही की झालं."

"कुठल्या खांद्याचा?"

कॉल्विनने कॉफी ढवळली. त्यात ढवळण्यासारखं काही घातलेलं नव्हतं. "कुणाचं ना कुणाचं काही ना काही दुखतंच हो, लॉर्ना. सगळ्यांचं ऐकत बसलो तर पलंगापाशी उभं राहायला माणूस उरणार नाही. मी म्हटलं तिला, हलकं काम आमच्याकडे नसतं. एकतर काम, नाहीतर घर. तिने काम निवडलं." मग घाईने, "हे आपल्यातलं. तू आमची वकील आहेस."

लॉर्ना थांबली. श्वास घेतला. हरकत घेणारं कुणी नव्हतं. एका मदतनिसाची चूक ही एक गोष्ट, आणि खांदा गेलेली मदतनीस माहीत असताना पलंगापाशी उभी केली ही दुसरी. पहिली ऐकून जूरी हळहळते. दुसरी ऐकून चिडते. ही ओळ तिला तरुण वकिलांना शिकवताना वापरायची सवय होती. पहिल्या गोष्टीसाठी दोषी एक बाई लागते, आणि ती बाई तर शपथ घेऊन आत बसली होती. कॉल्विनच्या कपाळावर घामाचा एकही थेंब नव्हता, आणि तेच तिला सगळ्यात थकवणारं वाटलं.

ट्वायला बायकांच्या स्वच्छतागृहात आरशासमोर होती. डाव्या हाताने ती टोपी नीट करत होती. "कशी झाले, वकीलबाई? ते शेवटचं जास्तीचं झालं ना? तोंडातून निसटलं."

"ट्वायला, उजवा हात वर करा."

"कशाला?"

"करा ना."

ट्वायलाने आरशातल्या लॉर्नाकडे पाहिलं. हात छातीपाशी आला आणि थांबला. तिने ओठ आवळले, मग सोडले. "झालं समाधान? रविवारी चर्चमध्ये सगळे हात वर करून डोलतात. मी खालच्या खाली टाळ्या वाजवते. पाद्री म्हणाले, काय ट्वायला, देवाशी भांडण झालंय का? म्हटलं, देवाशी नाही, खांद्याशी."

"कधीपासून?"

"नेव्हाच्या आधीपासून. एका आजोबांना धरताना गेला. सांगितलं मी. ज्याला सांगायचं त्याला." ती दाराकडे पाहत होती. "तो म्हणाला, घरी बस मग. घरी बसून भिंतीला उठवू आणि बसवू की काय? दुसरं येतं काय मला?"

"काल मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं विचारलंत?" ट्वायला हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "जास्तीचं द्यायचं नाही म्हणालात. मी चांगली विद्यार्थिनी आहे."

लॉर्नाने तिला सांगितलं. सरळ, हळू, एकेक करून. ही जबानी अशीच संपली तर सगळा दोष एकटीचा ठरेल. मग राज्याच्या यादीत नावापुढे हेळसांड केल्याचा शेरा लागू शकतो, आणि तो लागला की कुठल्याच शुश्रूषागृहात कुणी दारात उभं करत नाही. आणि खांद्याचं बाहेर आलं तर, ट्वायला म्हणाली, तरीही कुणी उभं करणार नाही. हात न उचलणारी बाई कोण ठेवतं? "मला सांगितलंय, गप्प बसलीस तर काम राहील."

"कुणी सांगितलं?"

ट्वायला थांबली, श्वास घेतला, अगदी काल शिकवला तसा. "मी एक विचारू? तुम्ही कुणाच्या वकील आहात? माझ्या, की त्यांच्या?"

नळातून पाणी ठिबकत होतं. लॉर्ना थांबली. प्रश्नाच्या मांडणीत काही खोट नव्हती. तो अंदाजाचा नव्हता, दुहेरी नव्हता, संदिग्ध नव्हता. तिला कळलं की आपण हरकत शोधतोय, आणि सापडत नाहीये. ग्रेटा फोनच्या त्या टोकाला जशी वाट बघते, तशी ट्वायला बघत होती. नवरा बॅग उचलण्याआधी बघत होता, वडील बाहीत हात अडकून बघत असत. किती माणसं तिच्या एका श्वासाच्या पलीकडे उभी राहिली होती. "दोघांची म्हणून आले होते," ती म्हणाली. "दोघांची राहता येत नाही. तुम्हाला तुमचा स्वतःचा वकील हवा, ट्वायला. फक्त तुमचा. काय सांगायचं, काय नाही, ते त्याच्याशी बोलून ठरवा. ते आज मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"आणि तुमचं काय होईल?"

"ते आत्ता माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. फर्मला हा ग्राहक हवा होता, आणि दुसरीकडे कुणी कामावर ठेवेल अशा वयाची ती आता नव्हती. तिने दार उघडून धरलं. "चला."

आत सगळे आपापल्या जागी बसले. जोडीनने बोटं कळांवर ठेवली. फायफरने नवी गोळी सोडवायला घेतली. "हं, मिस मॅब्री, आपण..." 

"पुढे जाण्याआधी मला एक सांगायचंय, नोंदीत," लॉर्ना म्हणाली. "मी या साक्षीदाराची वकील म्हणून इथे पुढे बसू शकत नाही. तिला स्वतंत्र वकील मिळेपर्यंत ही जबानी तहकूब करावी."

फायफरचे हात थांबले. त्याने आज पहिल्यांदा नीट वर पाहिलं. "का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"लॉर्ना," कॉल्विन हळू म्हणाला. त्याने तिच्या कोपराला हात लावला. तिने कोपर काढून घेतलं. फायफर तिच्याकडे पाहत होता, मग कॉल्विनकडे, मग ट्वायलाकडे. त्याचं डोकं चालत असल्याचं दिसत होतं, आणि ते कुठे जाऊन धडकत नसल्याचंही. गोळीचा कागद त्याच्या बोटांत अर्धा सुटलेला राहिला होता. "बरं," तो शेवटी म्हणाला, "माझी हरकत नोंदवतो, पण थांबू. दुसरी तारीख घेऊ."

ट्वायला उठली. तिने डाव्या हाताने खुर्चीवरचा कोट ओढला आणि नेहमीसारखा खांद्यांवर पांघरायला घेतला. खिडकीबाहेर पुन्हा बर्फ पडू लागला होता, बारीक, तिरपा, नदीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर. एका बाजूने कोट घसरला. तिने तो दातांत धरल्यासारखी मान वाकडी करून सावरला, पुन्हा घसरला. कॉल्विन फोनमध्ये होता. फायफर बघत होता. लॉर्नाला माहीत होतं की तो बघतोय. तिने गेली कित्येक वर्षं समोरच्या वकिलाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावरच पोट भरलं होतं. कोट बाहेर जाऊन, जिन्यात, दाराआड घालता आला असता. ती उठली आणि कोट हातात घेतला, पण पुढे काही केलं नाही. कॉलर धरून नुसती उभी राहिली. यापुढचं ट्वायलाने ठरवायचं होतं.

"नोंद थांबवू का?" जोडीनने विचारलं. दोन्ही वकिलांनी हो म्हटल्याशिवाय ती थांबवत नसे. फायफर काही बोलला नाही. लॉर्नाने प्रश्न पूर्ण ऐकला. मग थांबली. एक श्वास.

ट्वायलाने त्या थांबण्याकडे पाहिलं. आपल्या कोटाकडे पाहिलं. लॉर्नाला वाटलं ती मान हलवेल, नुसती नाही म्हणून, आणि डाव्या हाताने कोट काढून घेऊन निघून जाईल, आणि तसं केलं तर तिला दोष देता येणार नाही. ट्वायलाने मान हलवली नाही. ती ताठ उभी राहिली, चर्चमध्ये उभी राहत असेल तशी, आणि जोडीनच्या यंत्राकडे तोंड करून मोठ्याने, एकेक शब्द सुटा म्हणाली,

"उजवी बाही आधी धरा, बाई. उजवा हात वर होत नाही माझा. नेव्हा पडायच्या आधीपासून होत नाही."

कळा हलल्या. त्यांचा आवाज फार नव्हता, गालिच्यावरून मांजर जावं एवढाच. लॉर्नाने उजवी बाही खाली, कमरेच्याही खाली धरली, म्हणजे हाताला वर यावं लागू नये, आणि तो जड, गरम हात हळूहळू आत येईपर्यंत ती वाकून तशीच उभी राहिली.